आधी माती, मग बरण्या: कोरियन नैसर्गिक शेतीच्या पद्धतीने घरचा भाजीपाला

कोरियन नैसर्गिक शेतीची माहिती मिळाली की हौशी माणूस आधी चार बरण्या आणि पाच किलो गूळ आणतो. कुंडीतली माती मात्र गेल्या वर्षीचीच, उन्हाने तडकलेली आणि गांडुळाचा मागमूस नसलेली, तशीच राहते. मग अर्क तयार होतात, फवारले जातात, आणि दोन महिन्यांनी 'आमच्याकडे काही फरक पडला नाही' अशी तक्रार येते. हा क्रम उलटा आहे. या पद्धतीत माती जिवंत करण्याचे काम पहिले आणि सर्वांत मोठे असून बरण्यांतले अर्क हे त्या मातीला वेळोवेळी दिलेले चिमूटभर मीठ आहे, हे एकदा पटले की पुढची सगळी मापे आपोआप जागेवर बसतात.

ही पद्धत चो हान-क्यू यांनी घडवली. त्यांचा जन्म दक्षिण कोरियातील ग्यंग्गी प्रांतातल्या सुवन येथील शेतकरी घरातला. ते १९६५ मध्ये जपानला गेले आणि तेथे यामागिशी, शिबाता आणि ओइनोउए या तीन गुरूंच्या विचारांचा त्यांनी अभ्यास केला. यांपैकी यासुशी ओइनोउए यांनी 'क्योहो' हे टपोरे काळे द्राक्ष निर्माण केले, आणि झाडाला वाढीच्या प्रत्येक वयात वेगळे पोषण लागते हा 'पोषणचक्रा'चा सिद्धांतही त्यांचाच. चो यांनी या शिकवणीला आपल्या घरच्या, म्हणजे किमची आणि सोयाबीन आंबवणाऱ्या कोरियन स्वयंपाकघरातल्या ज्ञानाची जोड दिली. पुढे १९९५ मध्ये उत्तर चुंगचॉन्ग प्रांतातील ग्वेसान येथे त्यांनी प्रशिक्षण संस्था उभारली. तेथून ही पद्धत हवाई बेटांपर्यंत पोचली आणि तिथल्या विद्यापीठाच्या कृषिविस्तार विभागाने तिच्यावर शेतकऱ्यांसाठी पत्रकेही काढली.

आपल्याला ही पद्धत फारशी परकी वाटत नाही, याचे कारण नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या जीवामृतात, म्हणजे शेण-गोमूत्राच्या आंबवणात, टाकली जाणारी बांधावरची मूठभर माती. जेथे नांगर आणि औषध पोचलेले नाही तेथले सूक्ष्मजीव आणायचे, त्यांना गोड आणि पिठूळ खाऊ घालून वाढवायचे आणि शेतात सोडायचे, हा विचार दोन्हीकडे एकच आहे. फरक इतकाच, की तिकडे शेण-गोमूत्राऐवजी भात आणि कोंडा वापरतात. गाय नसलेल्या शहरी घराला हे सोयीचे पडते.

एक हिशेब, जो आधीच केलेला बरा

या पद्धतीतले बहुतेक अर्क १:१००० किंवा १:५०० या प्रमाणात पाण्यात मिसळून देतात. घरगुती मापात सांगायचे तर चहाचा एक चमचा म्हणजे साधारण ५ मिलिलिटर; तो ५ लिटर पाण्यात घातला की १:१००० झाले, आणि अडीच लिटरमध्ये घातला की १:५००. दहा लिटरच्या बादलीत मासळीच्या अर्काचे दोन चमचे घातले, तर त्या अख्ख्या बादलीतून झाडांना पाव ग्रॅमही नत्र (नायट्रोजन) पोचत नाही. याउलट एक किलो चांगल्या शेणखतात सुमारे ५ ग्रॅम नत्र असते. म्हणजे झाडाचे पोट भरण्याचे काम खताने, पालापाचोळ्याने आणि ते कुजवणाऱ्या जिवांनीच करायचे आहे. 'चमच्याने एवढे होते तर वाटीभर घालू' हा मोह या पद्धतीत सर्वांत महागात पडतो. मी स्वतः एका हिवाळ्यात मेथीला मासळीचा अर्क तिप्पट दिला. पाने गर्द हिरवी आणि लुसलुशीत झाली खरी, पण आठवड्याभरात त्यांच्या मागच्या बाजूला मावा असा दाटला की अख्खा वाफा उपटावा लागला. जादा नत्राने पाने मऊ व रसदार होतात आणि रसशोषक किडीला आयते ताट मिळते.

म्हणून सुरुवात कुंडीपासून करावी. पालेभाजीला सहा ते आठ इंच आणि टोमॅटो-वांग्याला किमान बारा इंच खोलीची कुंडी घ्यावी. तिच्यात बागेची माती आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत भरावे व पाण्याचा निचरा नीट होत असल्याची खात्री करावी. वर दोन इंच जाडीचे सुक्या पानांचे आच्छादन कायम असू द्यावे. आच्छादन नसेल तर पुढे सांगितलेले सूक्ष्मजीव उन्हात दोन दिवसही तग धरत नाहीत.

भाताची पेटी

कोरियन भाषेत ज्यांना 'तोचाक मिसेंगमुल', म्हणजे स्थानिक सूक्ष्मजीव म्हणतात, ते पकडण्याची युक्ती साधी पण नजाकतीची आहे. देवदारासारख्या लाकडाची उथळ पेटी कोरियात वापरतात. आपल्याकडे बिनरंगी लाकडी खोका, बांबूची टोपली किंवा वेताची परडी चालते. भात नेहमीपेक्षा कमी पाणी घालून, शीत न् शीत सुटे राहील असा शिजवावा. तो पूर्ण गार झाल्यावर टोपलीत अडीच-तीन इंचांपेक्षा जास्त थर होऊ न देता हलक्या हाताने पसरावा. दाबू नये, कारण आपल्याला हवी असलेली बुरशी हवेवर जगते. टोपलीवर सच्छिद्र पांढरा कागद दोऱ्याने बांधावा, त्यावर उंदरांसाठी बारीक जाळी ठोकावी आणि ती जुन्या झाडाखाली, जिथे पालापाचोळा हाताने उकरला की खाली पांढरे तंतू दिसतात आणि पहिल्या पावसासारखा वास येतो, अशा जागी अर्धी पुरून वरून तोच पाला लोटावा. पावसाची शक्यता असेल तर वर प्लास्टिकचा कागद तंबूसारखा ताणावा. बांबूचे बेट यासाठी उत्तम. शहरात जुन्या आंब्याच्या किंवा वडाच्या बुंध्याजवळची, झाडूचा हात न लागलेली जागाही पुरते. देवराईतून मात्र काही आणू नये. तेथला पाला तेथेच राहावा हा गावकऱ्यांचा नियम आपल्या हौशीपेक्षा मोठा आहे.

कोरियातल्या २० अंशांच्या हवेत भाताला चार-पाच दिवस लागतात. पुण्या-मुंबईच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच कागद उचलून पाहावे. नीट जमले असेल तर भातावर पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर दिसतो, त्याच्या तंतूंवर बारीक दवबिंदू असतात आणि वास किंचित गोडसर, ताज्या अळंबीसारखा येतो. मध्ये एखादा हिरवा किंवा पिवळा ठिपका असला तर तेवढा काढून टाकावा. पण काळा, गुलाबी किंवा हिरवा रंग जास्त पसरला असेल तर भात खतात टाकून पुन्हा सुरुवात करावी. माझी पहिली पेटी जूनच्या अखेरीस लावलेली होती. रात्रीतून कागदावर पाणी साचले, भाताचा चिखल झाला आणि तिसऱ्या दिवशी जे दिसले ते काळे, चिकट आणि वासाने नकोसे होते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या कामाला निवडावा, असे तेव्हापासूनचे माझे मत आहे.

चांगला भात वजन करून तितक्याच गुळाच्या भुकटीत हाताने कालवावा, मातीच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दोन तृतीयांश भरावा, तोंडाला दादरा बांधावा आणि सावलीत आठवडाभर ठेवावा. कोरियात यासाठी 'ओंग्गी' नावाचे, भिंतींतून श्वास घेणारे मातीचे रांजण वापरतात. गूळ शक्यतो काळसर, रसायनांनी उजळ न केलेला घ्यावा. गुळात साखरेपेक्षा ओलावा अधिक असल्यामुळे मिश्रण पातळ वाटल्यास आणखी मूठभर घालावा. आठवड्याने तयार होणारा हा लगदा थंड जागी कित्येक महिने टिकतो आणि घरासाठी एक वाटीभर लगदा वर्षभर पुरतो.

आता खरी वाढ. दोन किलो गव्हाचा कोंडा घ्यावा. एक लिटर पाण्यात एक मिलिलिटर लगदा विरघळवून ते पाणी थोडे थोडे शिंपडत कोंडा कालवावा. मूठ दाबली की गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा आणि बोटांमधून थेंब गळू नये, इतकाच ओलावा हवा. हा ढीग शक्यतो मातीवर घालावा. गच्चीवर असल्यास खाली गोणपाट आणि त्यावर दोन इंच मातीचा थर द्यावा. वरून पुन्हा गोणपाट झाकावे. एक-दोन दिवसांत ढीग आतून तापतो. ५० अंशांवर गेल्यास, म्हणजे आत खुपसलेला हात चटकन मागे घ्यावासा वाटल्यास, तो लगेच उलटावा. एरवी दिवसाआड उलटावा. साधारण आठवड्याने कोंड्याच्या पांढरट ढेपा होतात आणि ऊब ओसरते. त्यात तितकीच बागेची माती मिसळून आणखी काही दिवस झाकून ठेवले की तयार झालेले मिश्रण प्रत्येक कुंडीत आच्छादनाखाली मूठभर पसरावे. या एका मुठीवर मातीचे चार महिने निघतात.

ज्यांना इतका खटाटोप जमणार नाही त्यांच्यासाठी चो यांचे पुत्र चो यंग-सांग यांच्या 'जाडाम' या वेगळ्या पद्धतीत सोपी वाट आहे. २० लिटर पाण्यात एक उकडलेला बटाटा कुस्करून, चमचाभर खडे मीठ आणि फडक्यात बांधलेली मूठभर पानकुजीची माती टाकून बादली झाकायची, आणि एक-दोन दिवसांत पृष्ठभागावर फेसाचे वर्तुळ जमले की तो ओसरण्याआधी पाणी मातीला देऊन टाकायचे. यात गूळही लागत नाही.

धुवण आणि दूध

सर्वांत कमी कष्टाचा आणि माझ्या मते घरात सर्वांत उपयोगी पडणारा अर्क म्हणजे लॅक्टिक आम्ल जिवाणूंची निवळी. तांदळाचे पहिले दाट धुवण काचेच्या बरणीत अर्ध्यापेक्षा थोडे जास्त भरावे, दादरा बांधावा आणि सावलीत ठेवावे. थंडीत चार दिवसांनी, उन्हाळ्यात दोनच दिवसांनी त्याला आंबूस वास येतो आणि तीन थर दिसू लागतात: वर तरंगणारा मळ, खाली बसलेले पीठ आणि मधले धुरकट पाणी. आपल्याला मधले पाणी हवे. त्याचा एक भाग आणि दुधाचे दहा भाग एकत्र करून बरणी पुन्हा झाकावी. हे विरजण लावण्यासारखेच दिसते, पण येथे दह्यावर थांबायचे नाही. तीन ते पाच दिवसांत दुधातले स्निग्ध व प्रथिने यांची जाड वडी वर चढते आणि तिच्याखाली लिंबूसरबताच्या रंगाची निवळी उरते. वडी हलके उचलून काढावी, निवळी गाळावी आणि फ्रिजमध्ये ठेवावी. बाहेर ठेवायची असेल तर तितकाच गूळ मिसळावा. वडी कितीही पनीरसारखी दिसली तरी ती खाऊ नये, कारण ते दूध अनेक दिवस उघड्या हवेत होते. ती खताच्या पेटीत पुरावी. निवळी १:१००० प्रमाणात मातीला आठवड्यातून एकदा द्यावी. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या पेटीवर शिंपडली तर तिचा कुबट वासही दबतो.

एक सूचना येथेच. नळाच्या पाण्यातला क्लोरीन सूक्ष्मजीवांना मारक ठरतो, म्हणून पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून सकाळी वापरावे.

हिरवा रस आणि बाकीच्या बाटल्या

वनस्पतीच्या आंबवलेल्या रसाला कोरियनमध्ये 'चन्ह्ये नोकजुप', म्हणजे निसर्गाच्या कृपेचा हिरवा रस असे नाव आहे. तिकडे त्यासाठी दवण्याच्या जातकुळीतली 'स्सुक', ओढ्याकाठची 'मिनारी' आणि बांबूचे कोवळे कोंब वापरतात. निवडीचा नियम सोपा आहे: झपाट्याने वाढणारी, चिवट, परिसरातलीच वनस्पती. आपल्याकडे घोळ, रताळ्याच्या वेलाचे शेंडे आणि शेवग्याचे कोंब हा नियम पुरा करतात. सूर्य उगवण्यापूर्वी फक्त कोवळे शेंडे खुडावेत, पावसानंतर दोन दिवस थांबावे आणि शेंडे धुऊ नयेत, कारण आंबवणारे जीव पानांवरच असतात. शेंडे चिरून, वजनाच्या निम्मा गूळ चोळून बरणीत भरावेत आणि पहिल्या दिवशी वर वजन ठेवावे. दुसऱ्या दिवशी ढीग खाली बसून बरणी दोन तृतीयांश भरलेली दिसावी. पाच ते सात दिवसांत पाने वर तरंगतात, रस खाली उतरतो आणि किंचित मद्यासारखा गोड वास येतो. गाळून सैल झाकणाच्या बाटलीत भरावा. झाकण घट्ट लावल्यास वायूने बाटली फुटते.

अंड्यांच्या टरफलांचे काम पाहण्यासारखे असते. टरफले धुऊन, आतला पापुद्रा काढून तव्यावर किंचित तांबूस होईपर्यंत भाजावीत, भरडावीत आणि वजनाच्या दहापट नैसर्गिक व्हिनेगरमध्ये टाकावीत. कोरियात बिनसडीच्या (ब्राउन) तांदळाचे व्हिनेगर वापरतात. गोव्यात माडाच्या सुरेचे व्हिनेगर घरोघरी असते, तेही चालते. टाकताक्षणी तुकड्यांना बुडबुडे चिकटतात, तुकडा वर येतो, बुडबुडा फुटतो, तुकडा खाली जातो, आणि बरणीत हा खेळ बराच वेळ चालू राहतो. साधारण आठवड्याने बुडबुडे थांबले की चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, पाण्यात विरघळणारा अर्क तयार झाला. फळे धरल्यावर तो १:१००० प्रमाणात पानांवर फवारावा. टोमॅटोचे बूड काळे पडण्यावर त्याची थोडी मदत होते. पण त्या विकाराचे नेहमीचे कारण पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही हे असल्याने आधी पाण्याची वेळ सुधारावी.

मासळीच्या डोक्या-आतड्यांत समान वजनाचा गूळ घालून निदान महिनाभर मुरवलेला अर्क वाढीच्या वयासाठी, आणि पिकलेल्या केळी, पपई, भोपळ्यात समान गूळ घालून केलेला रस फळधारणेच्या वयासाठी असतो. लसूण, आले, दालचिनी, ज्येष्ठमध आणि 'दांग्ग्वी' नावाची कोरियन मुळी मद्यात भिजवून केलेला औषधी अर्कही या पद्धतीत मानाचा आहे, परंतु दहा कुंड्यांच्या बागेला त्याची खटपट आणि खर्च परवडत नाही. पहिल्या वर्षी तो सोडून द्यावा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मासळीचा अर्कही शेजाऱ्यांचा विचार करूनच लावावा.

कोणत्या वयात काय

ओइनोउए यांचा सिद्धांत येथे कामी येतो. वाढीच्या वयात नत्र हवे, कळी धरू लागली की नत्र आवरून स्फुरद (फॉस्फरस) हवे, आणि फळ भरताना चुना व गोडवा हवा. टोमॅटोची रोपे कुंडीत रुजली की कळी दिसेपर्यंत दर आठवड्याला हिरवा रस १:५०० आणि मासळीचा अर्क १:१००० एकत्र द्यावा. पहिली कळी दिसताच मासळी पूर्ण बंद करावी. फळ सुपारीएवढे झाले की फळांचा रस आणि टरफलांचा अर्क आलटून पालटून सुरू करावा. फवारणी नेहमी ऊन उतरल्यावर करावी. झाडाकडे पाहून ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे: पेरांमधले अंतर वाढून खोड लांबुडके होत असेल, पाने वाजवीपेक्षा गर्द असतील, तर त्या आठवड्यात साधे पाणी पुरे.

पालेभाजी कळीच्या आधीच खुडली जाते, म्हणून तिला एवढे वेळापत्रक नको. बी भिजवताना पाण्यात १:५०० प्रमाणात हिरवा रस आणि तितकेच व्हिनेगर घालावे; मेथी आणि चवळीला चार-सहा तास, माठाला त्याहून कमी. उगवल्यावर दहा दिवसांनी निवळी, पुढच्या आठवड्यात हिरवा रस, आणि काढणीच्या निदान पाच दिवस आधी सर्व फवारण्या बंद. कच्ची खायची पाने वाहत्या पाण्यात नीट धुवावीत.

पौष्टिकतेबद्दल नेमके बोलायला हवे. कोणताही अर्क फवारून पालकात लोह ओतता येत नाही. ताटातले पोषण आधी पिकाच्या निवडीने ठरते. शेवग्याचा पाला, लाल माठ, राजगिरा, मेथी आणि चवळीचा पाला ही कॅल्शियम, लोह व कॅरोटीन यांची घरची खाणच आहे; लेट्यूसने भरलेल्या दहा कुंड्यांपेक्षा मोठ्या डब्यात ठेवलेले आणि कंबरेएवढे छाटलेले एक शेवग्याचे झाड घराला जास्त देते. दुसरे, नत्राचा मारा झालेल्या पालेभाजीत नायट्रेट साठते, म्हणून चमच्याचे माप येथेही पाळावे. आणि तिसरे, खुडल्यापासून पानातले 'क' जीवनसत्त्व उतरू लागते, त्यामुळे भाजी चिरण्याच्या अर्धा तास आधी तोडणे हा गच्चीवरच्या बागेचा बाजारावर निर्विवाद फायदा आहे. वाढताना वर लिंबू पिळले की पानातले लोह शरीराला अधिक लागते.

माठ आणि मेथी उपटू नये. जमिनीपासून दोन बोटे वर कात्रीने कापावी. माठ पुन्हा फुटतो. मेथीची मुळे तशीच मातीत राहू द्यावीत, कारण त्यांच्यावर नत्र धरणाऱ्या गाठी असतात. आच्छादन बाजूला सारून भाताच्या पेटीतून वाढवलेल्या मिश्रणाची अर्धी मूठ आणि ओंजळभर शेणखत टाकावे, बोटाने रेघा ओढून त्याच कुंडीत पुढचे बी पेरावे आणि पाला पुन्हा वर ओढावा.